कारीट, नरकासुर आणि वरच्या आवाठातलं घर

बाय माझी,

तुझा व्हॉइस मेसेज नाइट ड्युटीला जाताना बसमध्ये ऐकला, मग ब्रेकमध्ये परत एकदा ऐकला. तू विचारलंस, आई, नरकासुराला आपण दरवर्षी जाळतो पण तो वाईट हे ठरवलं कोणी, आणि आजी म्हणते वरच्या आवाठातल्या, म्हणजे वरच्या वाडीतल्या, त्या घरी फराळाचं ताट न्यायचं नाही, ती माणसं वाईट आहेत, तर ती कशी काय वाईट, त्यांनी कोणाला मारलंय का. तू दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारलेस. मला ते एकच वाटतात, म्हणून फोनवर घाईत सांगत नाही, आज सुट्टी आहे तर बसून लिहिते. लांब होणार आहे, दोन दिवसांत वाच हवं तर, पण सगळं वाच.

चावदिवसाच्या, म्हणजे नरकचतुर्दशीच्या, पहाटेचा तुझा व्हिडिओ बघितला. तुळशीकडे उभी राहून डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडलंस, गोविंदा म्हणून ओरडलीस, आणि मग त्याची बी जिभेला लावल्यावर तुझं तोंड कसं झालं ते मी चार वेळा बघितलं. मी पण तसंच केलंय, त्याच तुळशीकडे. रात्रभर पोरांनी गवत, कागद, बांबू घालून केलेला नरकासुर ढोल वाजवत फिरवायचा आणि उजाडायच्या आत जाळायचा, मग आंघोळ, मग गोडाचे तिखटाचे फोव, म्हणजे पोहे. तो वाईट आहे का अशी शंका मला आयुष्यात कधी आली नव्हती. कडू कारीट म्हणजे नरकासुर, विषय संपला.

मग मी मस्कतला आले. आमच्या रूममध्ये तिघी आहोत हे तुला माहितीय. त्यातली गुवाहाटीची आहे ना, तिला मी पहिल्याच दिवाळीत मोठ्या हौशीने सांगत होते की आम्ही नरकासुराला कसा जाळतो, तर ती गप्पच झाली, आणि मग हळूच म्हणाली, तो तर आमच्याकडचा जुना राजा. मला खरंच वाटेना. पण ते खरं आहे. आसामात पूर्वी कामरूप नावाचं राज्य होतं, तिथल्या राजघराण्यांनी शेकडो वर्षं आपलं कूळ नरकापासून सांगितलं, सातव्या शतकात हर्षवर्धनाचा मित्र असलेला भास्करवर्मा राजा, त्याने सुद्धा ताम्रपटावर तसं कोरून ठेवलंय. गुवाहाटीत नरकासुराच्या नावाची टेकडी आहे. आणि आपल्या पुराणात तरी कोणाचा मुलगा तो? वराह अवतार आणि भूमाता यांचा. म्हणजे विष्णूचाच की.

दुसरी रूममेट केरळची. त्यांचा ओणम म्हणजे महाबली राजा वर्षातून एकदा आपली माणसं बघायला परत येतो तो दिवस, दारात दहा दिवस फुलांची रांगोळी घालतात त्याच्यासाठी. महाबली असुरच. आणि तो फक्त त्यांचाच नाही बरं, आपण पाडव्याला काय म्हणतो, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. एकाच दिवाळीत बघ, चावदिवसाला एका असुराला जाळतो आणि एक-दोन दिवसांत दुसऱ्या असुराचं राज्य यावं म्हणून मागणं मागतो, आणि कोणाला त्यात काही खटकत नाही. मला आता ते फार आवडतं. असुर म्हणजे वाईट असं आपल्या लोकांनी सरसकट कधीच धरलेलं नाही.

आरवलीचा वेतोबा तू बघितलायस. बाकीकडे वेताळ म्हणजे भुतांचा राजा, स्मशानात फिरणारा, नाव काढलं तरी पोरं पांघरुणात शिरतात. आपण त्याला केळीचे घड वाहतो, एवढ्या मोठ्या चामड्याच्या चपला वाहतो, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात. तेच नाव, तोच वेताळ. इथे आमच्या हॉस्पिटलात एक पारशी डॉक्टर होते, त्यांनी तर याच्यापुढची गोष्ट सांगितली. त्यांच्या धर्मात देवाला अहुर म्हणतात, म्हणजे आपला असुर शब्दच, आणि वाईट शक्तींना म्हणतात दएव, म्हणजे आपला देव. उलटसुलट! आणि आपल्या ऋग्वेदात पण जुन्या भागात वरुणाला, अग्नीला मान द्यायला असुर म्हटलंय. तेव्हा नावावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं तर मला कळलं. कोण राक्षस हे त्या त्या मुलखाच्या माणसांनी ठरवलेलं असतं, आणि बऱ्याच वेळा जो लढाई जिंकतो तोच गोष्ट सांगतो.

पण मग तू विचारशील, म्हणजे वाईट असं काही नसतंच का? नाही बाय, तसं नाही. मी त्या गुवाहाटीवालीला मग नीट विचारलं, की तुमच्याकडे तो चांगलाच होता का शेवटपर्यंत? तर ती म्हणाली नाही, आधी चांगला राजा होता, मग बाणासुराच्या संगतीने माजला, हे आम्हीपण सांगतो. म्हणजे त्याला आजोबा मानणारी माणसं आणि त्याला जाळणारी आपण, दोघं कशावर एक झालो? त्याने लोकांना छळलं यावर. सोळा हजार बायका कोंडून ठेवणं हे ना गुवाहाटीला चांगलं, ना वेंगुर्ल्याला. मला वाटतं वाईट या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. एक म्हणजे आमच्या गावचा नियम मोडला तो वाईट, तो नियम दहा कोसांवर बदलतो. दुसरी म्हणजे ज्याच्यामुळे कोणाला तरी भोगावं लागलं तो वाईट, आणि ते कुठेच बदलत नाही. आमच्या वॉर्डात ओमानी, बलुची, बंगाली, फिलिपिनो सगळे येतात, देव वेगळे, जेवण वेगळं, पण लेकराला कोणी मुद्दाम दुखवलेलं असेल तर ते बघून प्रत्येक बाईचा चेहरा एकसारखाच होतो. ते मी स्वतः बघितलंय.

आता त्या सोळा हजार बायकांचं ऐक. आजीनेच मला सांगितलेली गोष्ट आहे ही, तिला विचार. कृष्णाने नरकासुराला मारलं, बायका सोडवल्या, सगळीकडे आनंद, पण त्या बायका जाणार कुठे? परक्याच्या घरात राहून आलेल्या म्हणून त्यांना घरात घ्यायला कोणी तयार होईना, म्हणून शेवटी कृष्णाने सगळ्यांना आपलं नाव दिलं. लहानपणी मला यात कृष्णच दिसायचा. आता मला ती घरं दिसतात. सोळा हजार घरं, दारं लावून बसलेली. त्या घरांतली माणसं काही राक्षस नव्हती ना, रोज दिवा लावणारी, पाहुण्याला पाणी देणारी माणसं. त्यांचा पुतळा कोणी करत नाही.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, ती आज सांगते. मी चौथीत होते. आपल्या खालच्या आवाठात एक एकटी बाई राहायची, साठीची असेल. आपली गाय अचानक दूध देईनाशी झाली, कोणीतरी कुठेतरी विचारून आलं आणि तिचं नाव निघालं, तिची नजर, तिने करणी केली. झालं. विहिरीवर ती आली की बाकीच्या बायका कळश्या उचलून बाजूला व्हायच्या. मला घरातून सांगून ठेवलं होतं, तिने काही दिलं तर खायचं नाही. एकदा शाळेतून येताना तिने मला हाक मारली आणि केळीच्या पानात गुंडाळलेली खोबऱ्याची वडी दिली, आणि मी ती तिच्यासमोर व्हाळात फेकली. मागे वळून बघितलं तर ती तिथेच उभी होती, हात अजून पुढे केलेला. चार दिवसांनी ढोरांचा डॉक्टर आला, कासेला सूज होती, दगडी म्हणतात तो रोग, इंजेक्शनं दिली आणि गाय बरी झाली, पण त्या बाईला कोणी जाऊन सांगितलं नाही की बाई आमचं चुकलं. मी पण नाही. ती गेली तेव्हा मी बारावीत होते, खांदा द्यायला शेजारच्या गावातून माणसं बोलवावी लागली.

बाय, तेव्हा मला वाटत होतं मी चांगली मुलगी आहे, घरच्यांचं ऐकते. हेच मला तुला सांगायचंय. आयुष्यात मी केलेलं सगळ्यात वाईट काम मी चांगली मुलगी म्हणून केलं.

२०१३ साली आपल्या राज्यात जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. त्यासाठी वर्षानुवर्षं झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात गोळ्या घातल्या, मग काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा पास झाला. एखादा माणूस करणी करतो, त्याच्यामुळे गुरांचं दूध आटतं असं उठवून त्याचं जगणं अवघड करणं हा त्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. गुरांचं दूध हे शब्द मी त्या कायद्यात वाचले तेव्हा नर्सेस हॉस्टेलच्या जिन्यावर बसून रडले. म्हणजे फक्त आपल्या खालच्या आवाठात नव्हतं, एवढ्या ठिकाणी हे होत होतं की कायद्यात लिहावं लागलं.

आणि हे फक्त अडाणी लोक करतात असं पण समजू नको. आपलंच कोकण बघ. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे, शिकलेले, कॉलेजात शिकवणारे, त्यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केलं तर गावाने त्यांना वाळीत टाकलं. विधवेने डोकं भादरून कोपऱ्यात बसणं चांगलं आणि तिने परत संसार करणं वाईट, असं गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांचं मत होतं. त्याच कर्व्यांना १९५८ ला भारतरत्न मिळालं. आणि महाडला १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले, तळं सगळ्यांना खुलं आहे असा ठराव नगरपालिकेने आधीच केलेला होता, तरी त्या दिवशी लोकांना मारहाण झाली आणि नंतर तळं शुद्ध करायचं म्हणून १०८ घागरी पंचगव्य त्यात ओतलं. गुरं त्या तळ्यावर पाणी पीत होती बाय, त्याने विटाळ होत नव्हता. मारणारे संध्याकाळी घरी जाऊन आपल्या मुलांना मांडीवर घेऊन जेवलेच असतील. दुखवणं वाईट हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? माहीत होतं, फक्त समोरच्याचं दुखणं ते दुखण्यात धरत नव्हते. वाईट सगळीकडे सारखं का असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन वाईट सारखंच असतं, माणसात कोणाला मोजायचं ते मात्र प्रत्येक गाव आपल्या सोयीने ठरवतं, आणि सगळा घोळ तिथे होतो.

आता वरच्या आवाठातलं ते घर. त्यांच्या मुलाने परजातीतली मुलगी लग्न करून आणली, गावकीने दंड मागितला, त्यांनी दिला नाही. एवढंच झालंय. म्हणून गणपतीत भजन त्यांच्या दारावरून पुढे गेलं, म्हणून लग्नाकार्यात त्यांना आमंत्रण नाही, म्हणून आजी ताट नेऊ नको म्हणते. याला पण आता कायदा आहे, सामाजिक बहिष्काराचा, २०१६ चा, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मी तुला धमकी म्हणून वापरायला सांगत नाही, आजीला तर अजिबात नको सांगू या भाषेत.

आजी वाईट नाही. हे नीट ऐक. तापात तुझ्या उशाशी तीन रात्री बसलेली तीच आजी आहे. ती घाबरते. बाबा बोटीवर, मी इकडे, ती तुला घेऊन एकटी, उद्या आपल्यालाच वाळीत टाकलं तर रात्रीबेरात्री धावून कोण येणार, ही तिची भीती खोटी नाही, मी तिच्या जागी असते तर मला पण वाटली असती. गावकी चालते ती अशा भीतीवर, तिला दुष्ट माणसं लागत नाहीत, घाबरलेली चांगली माणसं पुरतात. म्हणून मी काल रात्री तिच्याशी बोलले. पाऊण तास. मी तिला त्या वडीचं सांगितलं, तिला ते माहीतच नव्हतं. बराच वेळ ती काही बोलली नाही, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाली, "ता मीच तुका सांगितलंय, खांव नको म्हणान." आणि फोन ठेवला.

आज सकाळी तिचा मेसेज आलाय, बेसनाचे लाडू थोडे उरलेत आणि चकल्या परत करायला घेते, एवढाच. तिला काही विचारू नको, तिच्यासोबत सोऱ्या फिरवायला बस. तुळशीच्या लग्नापर्यंत फराळ द्यायला हरकत नसते. ताट तिनेच भरू दे. तू नेणार असशील तर दिवसाउजेडी ने, मागच्या पाणंदीने नको, देवळासमोरच्या रस्त्याने जा, आणि त्या घरातल्या नव्या वहिनीच्या हातात दे, तिला आपल्याकडचं अजून कोणी काही दिलेलं नसेल. तिने काही खायला दिलं तर तिथेच बसून खा.

चकल्या वेगळ्या डब्यात घाल, लाडवांबरोबर नरम पडतात. आणि आल्यावर मला फोन कर, कितीही वाजले असले तरी, मी ड्युटीवर असले तरी उचलेन.

तुझी,
आई