टँकचं फिरतं पाणी आणि टर्बाईन

प्रश्न: नमस्कार सर, अंबाजोगाईजवळ शेतात आमचं छोटं ॲग्रो टुरिझम आहे, तिथं एक लाख लिटरचा स्विमिंग टँक बांधलाय. दीड एचपीची मोटार रोज दहा तास चालते, पाणी फिल्टरमधून फिरून जेटमधून चांगलं जोरात परत टँकमधे येतं. मागं संभाजीनगरची पाणचक्की बघितली तेव्हापासून डोक्यात घोळतंय, त्या पाइपात टर्बाईन बसवून निदान निम्मी लाईट परत मिळेल का? बिल लई येतंय.

उत्तर: भाऊ, विचार करताय हे फार आवडलं, पण टर्बाईनवर पैसे घालू नका. पाणचक्कीचं पाणी डोंगरातल्या झऱ्याचं, मातीच्या नळांतून आपोआप उतरत येतं आणि पात्यांवर पडतं, ते कुणी उचललेलं नाही. पैठणला जायकवाडीच्या पाण्यावर वीज होते तीपण धरण उंचावर आणि नदी खाली म्हणून. तुमच्या टँकमधे मात्र पाण्याला ढकलणारी तुमचीच मोटार आहे, म्हणजे मोटेनं काढलेलं पाणी परत विहिरीत सोडून त्यावर जातं फिरवायचं, आणि बैल तर तुमचेच.

हिशोबच बघा. सहा तासांत एक लाख लिटर फिरतं म्हणजे सेकंदाला साधारण 4.6 लिटर, आणि जेटचा वेग सेकंदाला 4 मीटर धरला तरी त्या धारेत 37 वॅटच असतात, त्यातले निम्मे हाती लागले तर एक एलईडी दिवा लागेल, मोटार मात्र तासाला सव्वा ते दीड युनिट खाते. वर धारेचा जोर गेला की कोपऱ्यातलं पाणी हलत नाही आणि शेवाळं धरतं.

खरी बचत मोटार हळू चालवण्यात आहे. टँकचं पाणी टँकमधेच येतं, बोअरसारखं वर चढवायचं नसतं, सगळी ताकद पाइप आणि फिल्टरच्या घर्षणात जाते. त्यामुळं स्पीड निम्मा केला की पाणी निम्मं येतं पण पॉवर जवळपास आठव्या भागावर येते. दुप्पट तास चालवलं तरी युनिट हिशोबानं पावच लागतात, प्रत्यक्षात थोडे जास्त धरा कारण कमी स्पीडला मोटार तेवढी कार्यक्षम राहत नाही, तरी फरक मोठा पडतो. यासाठी व्हीएफडी (मोटारीचा स्पीड कमी-जास्त करणारा कंट्रोलर) लागतो, मोटार थ्री फेज असेल तर सहज बसतो, साध्या सिंगल फेजला लावू नका, त्यापेक्षा व्हेरिएबल स्पीडचा पंपच घ्या. बॅकवॉशला, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून त्यातली वाळू धुताना, मात्र फुल स्पीड द्यायचा, नाहीतर ती वाळू धुतली जात नाही. आणि पाणी जास्त येतं म्हणून कुणी व्हॉल्व्ह दाबून ठेवला असेल तर तिथं रोजची लाईट वाया चाललीय, तो आधी बघा!

अजून एक, बिलापेक्षा मला पाण्याची काळजी जास्त वाटते. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलो नाही. मे महिन्यात उघड्या टँकवरून दिवसाला 8-10 मिलिमीटर पाणी उडून जातं, 12 बाय 6 मीटरचा टँक असेल तर सहा-सातशे लिटर, आणि ते भरायला परत बोअर चालवायची. टँक वापरात नसेल तेव्हा कव्हर टाका, क्लोरीनपण वाचतं. बॅकवॉशचं पाणी दोन दिवस उन्हात उघडं ठेवून झाडांना द्या.

मोटारीच्या पाटीचा फोटो पाठवा, फेज आणि आरपीएम बघून पुढचं सांगतो.