मॉर्निंग ग्लोरीचं बी रुजत नाही, तेव्हा

ताई, मॉर्निंग ग्लोरीच्या वेलाचं बी रुजत नाही, ते खराब आहे का, असं तुम्ही विचारलंत. बी खराब नाही, त्याचं कवच फार टणक असतं. पॉलिश पेपरवर दोन-तीनदा हलकंच घासा, रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं दिसलं की 1 सेंटीमीटर खोल पेरा, आणि थेट कायमच्या कुंडीतच. हिच्या मुळांना हलवाहलव सोसत नाही. मी सुरुवातीला रोपं काढून लावायचे, निम्मी माना टाकायची.

ऊन निदान सहा तास हवं. शेणखत मात्र बेतानं घाला. जास्त झालं की वेल नुसता पानांनी माजतो, फूल एक नाही. आधाराला सुतळी पुरते, शेंडा स्वतःच गोल फिरत तिला विळखा घालतो.

निळ्या जातीची कळी पहाटे उठून जरूर बघा. छत्रीसारखी पिळलेली, जांभळट-लालसर. उमलताना डोळ्यांदेखत निळी होते! दुपारपर्यंत मिटतेसुद्धा.

बोंडं वाळली की तोडून ठेवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात वाफाभर हीच उगवेल. आणि बिया विषारी असतात, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.