टांझानियाच्या खेड्यात शिकवायला जाताय? आधी स्वाहिली, मग गणित

तुमचा प्रश्न असा: बी.एस्सी., बी.एड. झालंय, काही वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलंय, आता टांझानियातल्या एका खेड्यात स्वयंसेवक शिक्षिका म्हणून जायची संधी आलीय. तिथे रुळायला किती काळ लागतो, खाण्यापिण्याचं काय, आणि घरचे घाबरलेत त्यांना काय सांगू?

मी इरिंगा भागातल्या एका गावात दोनेक वर्षं गणित आणि भौतिकशास्त्र शिकवलं, त्या अनुभवावरून लिहिते. हा दक्षिणेकडचा डोंगराळ मुलूख आहे. किनाऱ्यावर किंवा व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी हवा, पिकं, रीतीभाती बऱ्याच वेगळ्या, त्यामुळे तुमचं गाव नेमकं कुठे आहे ते आधी नकाशावर बघा.

पहिली गोष्ट मुदतीची. संस्था तीन महिन्यांसाठी बोलावत असेल तर माझ्या मते जाऊ नका. तिथलं शालेय वर्ष जानेवारी ते डिसेंबर. तीन महिन्यांत तुम्हाला मुलांची नावं पाठ होतात न होतात तोच निघायची वेळ येते, आणि मुलांच्या वाट्याला मध्येच तुटलेला अभ्यासक्रम येतो. तुमच्या जागी आलेल्या शिक्षकाला तो पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागतो. पूर्ण एक वर्ष काढता येत असेल तरच हो म्हणा, आणि नोव्हेंबरातच पोहोचा. शाळा सुरू व्हायच्या आधीचे ते आठवडे भाषेसाठी लागतात.

भाषेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तिथे प्राथमिक शाळेची सात वर्षं सरकारी शाळांत सगळे विषय स्वाहिलीतून शिकवतात. मग फॉर्म वनला, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षाला, माध्यम एकदम इंग्रजी होतं. सुरुवातीला काही आठवडे इंग्रजीची उजळणी घेतात, पण तेवढ्याने काय होणार! आपल्याकडे मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला गेलेली मुलं वर्गात कशी गप्प होतात ते तुम्ही पाहिलं असेल. तिथे ही वेळ तेरा-चौदा वर्षांच्या पोरांवर येते, आणि खेड्यात घरी इंग्रजी बोलणारं कुणी नसतं.

एकदा फळ्यावर इंग्रजीत गणित लिहिलं होतं, आयताकृती शेताच्या क्षेत्रफळाचं. 70-75 मुलांच्या वर्गात एकही हात वर नाही. मग तेच वाचलं, "म्कुलिमा आना शांबा लेन्ये उरेफु वा मीटा 40 ना उपाना वा मीटा 25", शेतकऱ्याकडे 40 मीटर लांब आणि 25 मीटर रुंद शेत आहे. वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या बाकावरून "एल्फू मोजा" आलं. हजार. मुलांना गणित येत होतं. त्या वर्षी आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले: एकीकडे पेंबेताटू, एनेओ, सेहेमू आणि दुसरीकडे त्रिकोण, क्षेत्रफळ, अपूर्णांक यांचे इंग्रजी शब्द. स्पष्टीकरण स्वाहिलीत, लिहिणं इंग्रजीत, कारण फॉर्म टू आणि फॉर्म फोरच्या सरकारी परीक्षा इंग्रजीतच असतात. तुम्हाला स्वाहिली येत नसेल तर तुम्ही फक्त त्या चार-पाच मुलांना शिकवाल ज्यांना इंग्रजी आधीच येतंय. म्हणून निघण्याआधी, इथूनच सुरुवात करा. उच्चार आपल्याला सोपे जातात, जसं लिहितात तसंच बोलतात. नामांचे वर्ग आणि त्यांचे बदलते उपसर्ग डोकं खातात, पण ते सरावाने होतं.

बोलण्याच्या रीती मात्र व्याकरणापेक्षा आधी शिका. वयाने मोठं माणूस दिसलं की आदराने "शिकामू" म्हणायचं, ते उत्तरादाखल "माराहाबा" म्हणतात. मग घर कसं आहे, काम कसं चाललंय, रात्र कशी गेली, अशी चौकशी. घाईत असलात तरी हे चुकवायचं नाही. कुणाच्या दारात "होदी" म्हणून थांबायचं, आतून "कारिबू" आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. पाण्याच्या नळावर बादलीच्या रांगेत मी सकाळ-संध्याकाळ उभी राहायचे, आणि माझं निम्मं स्वाहिली त्या रांगेतल्या बायकांनी शिकवलंय. घड्याळही वेगळं आहे: दिवस सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात त्यांचा एक. कुणी "सा ताटू", म्हणजे तीन वाजता बैठक आहे म्हणालं, तर सकाळचे नऊ समजा.

पोहोचल्यावर पहिले काही दिवस कचेऱ्यांमध्ये जातात. जिल्हा शिक्षण कार्यालय, वॉर्ड, गावचा कारभार बघणारे म्तेंदाजी, गावाचे अध्यक्ष, सगळ्यांना भेटायचं आणि प्रत्येक ठिकाणी पाहुण्यांच्या वहीत सही करायची. कंटाळू नका. गावाची जबाबदारी घेणारी ही माणसं आहेत, आणि उद्या काही अडलं तर हेच धावतात.

शाळेत तुम्हाला सगळ्यात जड जाईल ती छडी. टांझानियात शाळेतली छडी कायद्याने बंद नाही. नियमांत मर्यादा आहे, चार फटक्यांपेक्षा जास्त नाही आणि मुख्याध्यापकांच्या अधिकारात, पण स्टाफरूमच्या कोपऱ्यात फिम्बो, म्हणजे छडी, असतेच. मी पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना एकांतात सांगितलं की मी मारणार नाही, आणि माझ्या तक्रारीवरून कुणाला मार बसावा असंही मला नको. त्यांनी ते मान्य केलं. इतर शिक्षकांना मात्र मी प्रवचन दिलं नाही. एकेका वर्गात एवढी मुलं, हातात पुस्तकं अपुरी, आणि ही माणसं आयुष्यभर ती शाळा चालवणार आहेत. न मारणाऱ्या बाईंच्या तासाला सुरुवातीला गोंगाट होतो, हे धरून चाला. नावानिशी हाक मारणं आणि रोज वह्या तपासणं यानेच वर्ग हाती येतो, त्याला एक सत्र लागलं. तुमची पद्धत बघून एखादा तरुण शिक्षक विचारायला येतो, तेव्हा बोला.

मुलींकडे जास्त लक्ष द्या. गरोदर राहिलेल्या मुलींना सरकारी शाळेत परत घेत नसत, ती बंदी नोव्हेंबर 2021 मध्ये उठली. माझ्या फॉर्म टूच्या वर्गात बाळंतपणानंतर परतलेली एक मुलगी होती. मधल्या सुट्टीत सगळे माकांदे, म्हणजे मका आणि घेवड्याचे दाणे एकत्र शिजवलेले, खायला बसायचे तेव्हा ती बाळाला पाजायला घरी पळायची, आणि तास सुरू व्हायच्या आत धापा टाकत परत यायची. तिच्यासाठी ताटलीत वाढून झाकून ठेवायची जबाबदारी वर्गातल्या दोघींनी आपणहून घेतली होती. अशी मुलगी तुमच्या वर्गात असेल तर तिच्या उशिराची नोंद करण्याआधी कारण विचारा.

आता रुळण्याचं. मी त्या गावाची झाले ती शाळेमुळे नाही, म्सिबामुळे. म्सिबा म्हणजे मयताचं घर, आणि तिथे जाणं टाळायचं नसतं. आमच्या शाळेच्या स्वयंपाकीणबाईंचे सासरे गेले तेव्हा सगळे शिक्षक मिळून गेलो. पुरुष अंगणात बाकांवर, बायका आत चटयांवर. कमरेला कांगा, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात ते छापील कापड, गुंडाळून मी बायकांमध्ये बसले. बोलायला काही लागत नाही, "पोले", म्हणजे वाईट झालं, एवढं म्हणायचं आणि बसून राहायचं. दारापाशी एकजण शाळेची वही घेऊन बसलेला, रांबीरांबी म्हणून जे पैसे दिले जातात ते नावासह लिहून घेत होता. कुणी हजार शिलिंग, कुणी पीठ, कुणी सरपणाची मोळी. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात मोठ्या पातेल्यांत मक्याच्या पिठाची उगाली शिजत होती, तिथे मला भाजी निवडायला बसवलं. त्यानंतर रस्त्यात भेटणाऱ्या बायकांच्या चौकशीचा सूर बदलला. माझ्या आईची तब्येत विचारू लागल्या, पाऊस लांबला की माझ्याजवळ काळजी बोलून दाखवू लागल्या. म्हणून किती काळ लागतो याचं माझं उत्तर: शाळेच्या आवारातच राहिलात तर वर्षभरातही नाही, आणि दुःखाच्या घरी, चर्चच्या कार्यक्रमाला, शेतावर जात राहिलात तर पहिल्या पावसाळ्यात. (तिथला पाऊस साधारण डिसेंबर ते एप्रिल. जून-जुलैत चांगली थंडी पडते, स्वेटर न्याच.)

लोक तुम्हाला "म्हिंदी" म्हणतील, म्हणजे भारतीय. त्यात शिवी नाही, पण भारतीय म्हणजे दुकानदार ही समजूत जुनी आहे. गुजराती व्यापारी कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, 1971 मध्ये त्यांच्या बऱ्याच इमारती सरकारने ताब्यात घेतल्या तेव्हा अनेकजण देश सोडून गेले. तुमचं दुकान कुठे, हा प्रश्न तुम्हाला येईल. माझे एक सहकारी दक्षिणेकडच्या म्त्वाराचे, त्यांच्या घरी तूर पिकते. ते पहिल्या ओळखीतच म्हणाले, 2017 मध्ये तुमच्या सरकारने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली आणि आमचा भाव कोसळला, असं का केलंत? आपल्याकडे त्याआधीच्या हंगामात तुरीचं अमाप पीक येऊन शेतकरी खरेदी केंद्रांवर रांगा लावून बसले होते, ते मी सांगितलं. दोन्हीकडचे शेतकरी एकाच भावात अडकलेले, यावर आमची मैत्री जमली. म्हणजे तुमच्या देशाबद्दल विचारतील ते सिनेमापुरतं नसेल. तुम्हीही त्यांचं वाचून जा. इरिंगात म्क्वावा हे नाव माहीत असायलाच हवं: हेहे लोकांचा हा प्रमुख, 1891 मध्ये लुगालोला त्याने जर्मन फौजेचा पराभव केला, आणि 1898 मध्ये जिवंत हाती लागण्याऐवजी स्वतःवर गोळी झाडली. जर्मनीला नेलेली कवटी 1954 मध्ये परत आली, ती इरिंगाजवळच्या कालेंगा गावातल्या संग्रहालयात आहे. मुलांच्या तोंडून हे ऐकणं फार सुंदर असतं.

खाण्याची काळजी घरच्यांना करू देऊ नका. शाकाहारी असाल तरी निभतं: राजम्यासारखे माहारागे, म्चिचा म्हणजे आपल्या माठासारखी पालेभाजी, भोपळ्याची पानं, भात, उगाली. चवळी आणि मूग तालुक्याच्या बाजारात मिळतात. सुकट आवडत असेल तर दागा नावाची बारीक सुकी मासळी आवडेल. मसाला डब्यातून न्या, प्लास्टिकच्या पिशव्यांतून नको. 1 जून 2019 पासून तिथे प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि ती प्रवाशांनाही लागू आहे. पाणी उकळूनच प्या. पैशांसाठी बँक लांब असली तरी मोबाईलवरचे पैसे गावातल्या वाकालाकडे, म्हणजे एजंटाकडे, सहज काढता-भरता येतात.

मलेरिया उंचावरच्या गावांत कमी, पण दार-ए-सलामला किंवा मोरोगोरोच्या सखल भागात ये-जा होतेच. प्रतिबंधक गोळ्यांचं इथल्या डॉक्टरांशी आधी बोला, मच्छरदाणी रोज लावा, ताप आला तर उद्यावर ढकलू नका. गावच्या झाहानातीत, म्हणजे दवाखान्यात, बोटातलं रक्त घेऊन लगेच चाचणी होते. परत आल्यावर काही महिन्यांत ताप आला तरी डॉक्टरांना टांझानियाचं आधी सांगा, तिथला मलेरिया बराचसा फाल्सिपेरम या जास्त धोकादायक प्रकारचा असतो. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या निदान 10 दिवस आधी घ्या आणि कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. ती एकदा घेतली की आयुष्यभर चालते.

पैसे मागणारे भेटतील, आणि खऱ्या गरजेने मागतील. मी कुणालाही हातात रोख दिली नाही. एखाद्या मुलाला गणवेश, वह्या लागत असतील तर मुख्याध्यापकांमार्फत, नाव जाहीर न करता. गावाच्या वर्गणीत मात्र सगळ्या शिक्षकांइतकाच वाटा उचलला, त्याहून जास्त नाही. सहकाऱ्यांना त्यांच्याच गावात कमीपणा यावा असं काही करायचं नाही, हा माझा नियम होता.

परवान्याचं संस्थेला आजच विचारा. पर्यटक व्हिसावर शिकवता येत नाही. स्वयंसेवकांसाठी सी वर्गाचा (क्लास सी) निवास परवाना लागतो, आणि परदेशी शिक्षकाला शिकवण्याच्या परवानगीचं कुणी बघायचं, खर्च कुणी करायचा, हे लेखी घ्या. "आल्यावर बघू" असं उत्तर मिळालं तर दुसरी संस्था शोधा. कागदांना वेळ लागतो, तेव्हा जानेवारीचा वर्ग गाठायचा असेल तर मे-जूनमध्ये अर्ज गेलेला बरा. घरच्यांना गावातल्या मुख्याध्यापकांचा नंबर द्या आणि निघण्याआधी एकदा व्हिडिओवर भेट घडवून आणा. माझ्या आईची भीती त्या एका फोनने निम्मी झाली होती.