साक्षीदार पारावरचे नकोत

अंबाजोगाई

प्रिय लेकरा,

परवा तू फोनवर विचारलंस, ‘काका, आबांच्या जमिनीचा लिव्हिंग ट्रस्ट करावा का?’ मी मोंढ्यात होतो, त्या गलबल्यात नीट बोलता आलं नाही.

तो मूळ अमेरिकेतला प्रकार. तिथं मृत्युपत्र कोर्टातून मंजूर करून घेण्यात वेळ आणि पैसा जातो, म्हणून माणूस हयातीतच मालमत्ता ट्रस्टच्या नावे करून ठेवतो. आपल्याकडंही १८८२ च्या ट्रस्ट कायद्यानं खासगी ट्रस्ट होतो. पण हयातीत जमीन त्यात घालायची तर नोंदणीकृत दस्त आणि मुद्रांक शुल्क आलंच. घरात स्वतःचं स्वतः बघू न शकणारं लेकरू असेल, तर तो खर्च जरूर करावा. तुझ्या वडिलांची, आबांची, सात एकर, एक विहीर अन् तुम्ही दोन भावंडं. मृत्युपत्र पुरे.

पण आधी सातबारा काढ. तुझ्या आजोबांचं नाव अजून तिथंच असेल, तर पहिलं काम वारस फेरफाराचं, म्हणजे वारसांची नावं उताऱ्यावर चढवायचं. जमीन जुनी इनामी निघाली आणि उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’, म्हणजे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावे करता न येणारी जमीन, असं दिसलं, तर तहसीलमध्ये विचारल्याशिवाय पुढं जाऊ नको. निजामाचं राज्य १९४८ साली गेलं, त्याच्या काळातले गुंते आपल्या उताऱ्यांवर अजून आहेत.

आबांनी स्वतः विकत घेतलेली तीन एकर ते वाटेल त्याला देऊ शकतात. उरलेली चार वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची ठरली, तर मृत्युपत्रात फक्त त्यांचा स्वतःचा हिस्सा येईल. तिथं तुझ्या बहिणीचा हक्क तुझ्याएवढाच, आणि वाटणी झाली तर आईलाही हिस्सा. लेकीचा हा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं आला, आणि वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं. तीस वर्षं दस्त लिहिले मी. दिवाळीला साडी-चोळी घेऊन हक्कसोडीवर, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या दस्तावर, सही करणाऱ्या लेकी किती पाहिल्या! माहेर तुटू नये म्हणून सही करतात बिचाऱ्या. तसला दस्त लिहायला माझ्याकडं येऊ नको.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणीही सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडं करून घ्या. आबा आजारातून उठलेत, म्हणून शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीचा जोडा. दोन साक्षीदार हवेत. आबांनी त्यांच्यासमोर सही करायची, त्यांनी आबांसमोर.

साक्षीदारांवरूनच आमचं घर फुटलं. चुलत्यांनी पारावरचे दोन जिवलग नेले, दोघंही त्यांच्याच वयाचे. चुलते गेले तेव्हा दोघंही आधीच गेलेले. मग जुन्या कागदांवरच्या सह्या हुडकून ‘ही त्यांचीच’ म्हणून कोर्टात सिद्ध करण्यात नऊ वर्षं गेली, अन् भाऊ एकमेकांच्या मातीलाही आले नाहीत. म्हणून साक्षीदार आबांपेक्षा वीस वर्षांनी लहान बघ, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नको.

मजकुरात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा हव्यातच. पण आपल्याकडं भांडणं विहिरीवरून होतात. पाण्याची पाळी कुणाची कधी, मोटार आणि वीजजोडणी कुणाच्या नावे, शेतात जायची वाट कुठून, हे स्पष्ट लिहायला लाव.

बँकेत तुझं नाव नॉमिनी आहे म्हणून निर्धास्त राहू नको. नॉमिनीच्या हाती पैसा येतो, मालकी वारसांची असते. आणि कुणी सांगेल, ‘बक्षीसपत्र करा, लेकाला थोडक्या मुद्रांकात काम होतं.’ खरं आहे. पण त्या दिवसापासून जमीन तुझी, आबांची नाही. मृत्युपत्र आबा मरेपर्यंत कधीही बदलू शकतात, आणि म्हाताऱ्या माणसाला तेवढा वचक लागतोच.

मजकूर आबांनी सांगायचा. तू खोलीत बसू नको, बाहेर चहा घेत बस.

पुढच्या महिन्यात येताना सातबारा, आठ-अ म्हणजे खात्याचा उतारा आणि जुने फेरफार आण. ताईलाही घेऊन ये.

तुझा काका