दूध उतू गेलं तर हाक मारेल का?

"मॅडम, मुलांना कितव्या वर्षी मोबाईल द्यायचा, तेवढं एकदा सांगून टाका."

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न येऊ लागतो, तो पार दिवाळीपर्यंत. पालकसभेत, लग्नाच्या मांडवात, एकदा तर बँकेच्या रांगेतसुद्धा. बहुतेकांना आकडा हवा असतो. "दहावीनंतर" असं मी म्हणावं आणि घरी जाऊन त्यांनी ते मुलांना ऐकवावं, एवढीच अपेक्षा. मी आकडा देत नाही. का देत नाही ते सांगण्यासाठी नाशिकच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांना विचारून लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलीला मुक्ता म्हणू. बारा वर्षांची, सातवीतली. वडील सातपूरला कारखान्यात शिफ्टमध्ये, आई पतसंस्थेत, घरी आजी. ते माझ्याकडे समुपदेशनासाठी आले, तेव्हा तक्रार नेहमीचीच होती. मुक्ता चिडचिड करते, जेवताना ताटावरून उठते, चाचणीत मार्क घसरलेत, आणि तोंडी एकच, "वर्गात माझ्या एकटीकडेच फोन नाही."

वडील ठाम होते. "दहावीपर्यंत नाही म्हणजे नाही. कारखान्यातली तरणी पोरं जेवणाच्या सुट्टीत मान वर करत नाहीत, रोज बघतो मी."

आईचं मन दोन्हीकडे ओढ घेत होतं. क्लासहून यायला मुलीला साडेसात होतात, पावसात उशीर झाला की जीव टांगणीला लागतो. शाळेचा गृहपाठ येतो वडिलांच्या व्हॉट्सॲपवर आणि दुसऱ्या शिफ्टला ते घरी पोचतात रात्री साडेअकराला.

दोघांचंही खरं होतं. मी आईंना विचारलं, "मुक्ताला गॅस कधी पेटवू दिलात?"

त्या जरा गोंधळल्या. "पाचवीत असेल. आधी बरेच महिने मी ओट्याशी उभी राहायचे. मग एकदा दूध उतू गेलं. तिनं आधी गॅस बंद केला आणि मला हाक मारली. तेव्हापासून मी निर्धास्त झाले."

"म्हणजे दहा वर्षं पूर्ण झाली म्हणून नाही."

"छे! वयाचा काय संबंध? हाक मारली ना तिनं."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. ते कुठे उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

पहिल्या तीन भेटींत मुक्ता फारसं बोललीच नाही. चौथ्यांदा ती एकटी आत आली, दप्तर मांडीवर घेऊन. त्याची चेन पुढे-मागे, पुढे-मागे ओढत बसली. मी सहज विचारलं, "समज, उद्या फोन मिळाला. पहिल्या दिवशी काय करशील?" गेम, इन्स्टाग्राम, मैत्रिणींचा ग्रुप, असं काहीतरी उत्तर येतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव.

मुक्ता म्हणाली, "आजीचा फोन आजीला परत देईन."

चेन थांबली होती. मीही थांबले. अशा वेळी पुढचा प्रश्न घाईने विचारला, तर मूल पुन्हा आत जाऊन बसतं. बऱ्याच वेळाने मी एवढंच म्हटलं, "परत?"

मग सगळं बाहेर आलं. वर्षभर आजीचा फोन मुक्ताच चालवत होती. दूधवाल्याचे पैसे यूपीआयने देणं, सिलिंडर बुक करणं, भिशीच्या ग्रुपवर आजीच्या वतीने "सुप्रभात" टाकणं. आजी त्यावर फक्त हरिपाठ ऐकतात, अशी आईवडिलांची समजूत. तीन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी वीज कंपनीच्या नावाने मेसेज आला : मागचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरवर संपर्क करा. घरात दोघीच. आजी घाबरल्या, त्यांनीच फोन लावायला सांगितला. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलत होता. त्याने एक ॲप घ्यायला लावलं, ज्यातून आपल्या फोनची स्क्रीन समोरच्याला दिसते. मग म्हणाला, आता फक्त दहा रुपये भरा.

"पिन टाकायला बोट नेलं, आणि वाटलं, वीज तोडणारा माणूस दहा रुपये कशाला मागेल? मी फोनच बंद करून टाकला."

पैसे गेले नाहीत. पण त्यानंतर ही पोर रोज रात्री सगळे झोपल्यावर उठून आजीच्या खात्यातली शिल्लक बघत होती. तीन महिने. चिडचिड, अर्धवट जेवण, घसरलेले मार्क, सगळ्याची वाट तिथेच जात होती.

"बाबांना का नाही सांगितलंस?"

"ते म्हणाले असते, बघ, म्हणूनच तुला फोन देत नाही."

त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप आली नाही. आम्ही सगळे मोठे "फोन कधी द्यायचा" यावर डोकं खपवत होतो आणि फोन वर्षभर तिच्या हातात होता, बँकेसकट. एरिक एरिकसन या मानसतज्ज्ञाची मांडणी मला कामात नेहमी आधार देते. साधारण सहा ते बारा या वयात मूल "मला जमतं" हा विश्वास कमवत असतं, आणि तो मिळाला नाही तर कमीपणा घर करतो. मुक्ताला हे सगळं उत्तम जमत होतं. पण ज्यांच्या डोळ्यांत ते दिसायला हवं, त्यांच्यापासूनच ते लपवावं लागत होतं. तिच्या एका साध्या वाक्यापाशी मी थांबू शकले, याचं मला आजही समाधान वाटतं.

तिची परवानगी घेऊन पाचव्या भेटीत सगळ्यांना बोलावलं. मुक्ताने स्वतः सांगितलं. आजी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "पोरीला बोलू नको रे, मीच फोन लावायला सांगितला." वडील खाली बघत राहिले. नंतर विचारलं, "म्हणजे मॅडम, चूक केली तरी काही म्हणायचं नाही?"

फार महत्त्वाचा प्रश्न आहे हा, आणि जवळजवळ प्रत्येक घरात येतो. मी म्हटलं, चुकीबद्दल जरूर बोला. पण सांगायला आली म्हणून फोन काढून घेतलात, तर ती चूक करायची थांबणार नाही, सांगायची थांबेल. त्या दिवशी पैसे गेले असते तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने कळवायला हवं होतं, आणि बारा वर्षांची मुलगी हे एकटीने करू शकत नाही. ती गप्प बसली असती आणि वेळ हातची गेली असती.

आकडे म्हणाल तर भरपूर आहेत. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामच्या नियमात १३ वर्षं. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी घातली. आपला २०२३ चा विदा (डेटा) संरक्षण कायदा १८ पर्यंत मूलच मानतो. हे नियम पाळावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. सातवीच्या मुलाचं जन्मसाल खोटं टाकून खातं उघडून देणारे पालक त्याला पहिलाच धडा चुकीचा देतात. पण यातला कुठलाही आकडा तुमच्या मुलाची तयारी सांगत नाही. ती बघायची तर रोजच्या घरात बघा. उरलेले सुटे पैसे न विचारता परत देतो का? टीव्ही बंद कर म्हटल्यावर दहा मिनिटांत का होईना, करतो का? आणि सगळ्यात आधी, दूध उतू गेलं की हाक मारतो का? मारत नसेल, तर आपण ओट्याशी उभे असताना कसे वागलो होतो, हेही तपासा.

मुक्ताच्या घरी ठरलं ते असं. क्लाससाठी साधा बटणांचा फोन. एक स्मार्टफोन "घरचा", दिवाणखान्यात राहणारा. गृहपाठ त्यावर येईल आणि रात्री दहानंतर तो फ्रिजवर चार्जिंगला. वडिलांचा फोनही त्याच्या शेजारी; ही अट मुक्ताची, आणि ती मान्य करायला वडिलांना आठवडा लागला. आजीचे व्यवहार मुक्ताच करणार, पण उघडपणे, आईसमोर. त्याच संध्याकाळी बापलेकीने मिळून ते ॲप काढलं, आजीचा पिन बदलला.

मध्यंतरी आईंचा फोन आला. घरच्या फोनवर मुक्ताला अनोळखी नंबरवरून कुणीतरी फोटो मागत होतं. ती तशीच फोन घेऊन आत गेली. वडील रात्रपाळी करून नुकतेच आडवे झाले होते. "बाबा, उठा ना जरा," एवढंच म्हणाली.

ते उठून बसले, उशाशी चाचपून चष्मा लावला आणि म्हणाले, "बस इथे. दाखव."