दुहेरी बघताना नजर चेंडूवर नको, नेटजवळच्या माणसावर ठेवा

तुमचा प्रश्न असा आहे की एकेरीचे सामने तुम्ही आवडीने बघता, पण पुरुष दुहेरी लागली की सर्व्हिस, एक-दोन फटके आणि गुण संपला, यापलीकडे काही हाती लागत नाही. शिवाय तिसऱ्या सेटच्या जागी 10-6 असला आकडा कुठून येतो, तेही कळत नाही. मला दुहेरीची गोडी लागली ती पुण्यात, बालेवाडीत 2018 ते 2023 या काळात झालेल्या टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेमुळे. त्यामुळे उदाहरणं बरीचशी तिथलीच देतो.

एकेरीची सवय असली की आपली मान चेंडूमागे फिरत राहते. दुहेरीत असं केलंत तर गुण कुणाला मिळाला ते दिसेल, का मिळाला ते दिसणार नाही. सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार नेटजवळ उभा असतो, त्याच्याकडे बघा. सर्व्हिसच्या आधी तो पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो, किंवा दोघं तोंडासमोर चेंडू धरून काहीतरी कुजबुजतात. सर्व्हिस कुठे टाकायची आणि आपण आडवं धावून रिटर्न, म्हणजे सर्व्हिसला आलेला परतीचा फटका, कापायचा की जागेवरच थांबायचं, एवढं त्यात ठरतं. समोरच्याला माहीत असतं की हा कधीतरी हलणार. कधी, ते माहीत नसतं. मग तो घाईने सरळ रेषेत, मोकळी वाटणारी जागा साधायला जातो आणि चेंडू बाहेर पडतो. आकडेवारीत ती रिटर्न करणाऱ्याची चूक म्हणून लिहिली जाते. प्रत्यक्षात तो गुण नेटजवळच्या माणसाने मिळवलेला असतो, चेंडूला रॅकेट न लावता. कबड्डीत पाय धरतो कोपरारक्षक, पण चढाईपटूची वाट आधी मध्यरक्षकाने बंद केलेली असते, तसंच हे.

कधी कधी हा जोडीदार मधल्या रेषेवर, नेटच्या अगदी जवळ, जवळजवळ उकिडवा बसलेला दिसेल. याला आय फॉर्मेशन म्हणतात. सर्व्हिस डोक्यावरून गेली की तो डावीकडे किंवा उजवीकडे झेपावतो आणि सर्व्हिस करणारा उरलेली बाजू सांभाळतो. आता रिटर्न करणाऱ्यापुढे कोर्टाची कुठलीच बाजू खात्रीने मोकळी नसते. एकेरीचं कोर्ट 8.23 मीटर रुंद असतं, दुहेरीत बाजूच्या पट्ट्या धरून ते 10.97 मीटर होतं. पण सर्व्हिसचा चौकोन तेवढाच राहतो. म्हणजे रुंदी वाढली पावणेतीन मीटर आणि माणसं झाली दुप्पट. म्हणूनच दुहेरीत ताकदीपेक्षा कोन आणि उंची जास्त कामाला येते. नेटकडे येणाऱ्याच्या पायाशी टाकलेला हळू रिटर्न किंवा डोक्यावरून काढलेला लॉब असे फटके दूरदर्शनच्या पडद्यावर साधे वाटतात, पण ते फार अवघड असतात.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. दुहेरीत जोडीतले दोघं आळीपाळीने सर्व्हिस करतात आणि बाजू विषम गेमनंतर बदलतात. याचा परिणाम असा की एका सेटमध्ये प्रत्येक खेळाडूची सर्व्हिस कायम कोर्टाच्या एकाच टोकाकडून होते. (सेट 6-6 झाल्यावर होणारा टायब्रेकर सोडून.) कागदावर गेम मांडून बघा, लगेच पटेल. म्हणून सेटच्या सुरुवातीला पहिली सर्व्हिस कुणी घ्यायची, हा निर्णय ऊन आणि वारा बघून होतो. जोडीत एक डावखुरा असेल तर फायदाच. एकाला चेंडू वर फेकताना ज्या टोकाला सूर्य डोळ्यांत येतो, तिथून दुसऱ्याने सर्व्हिस करायची. शिवाय समोरच्यांना एका गेमला उजव्या हाताची आणि पुढच्याला डाव्या हाताची फिरकी झेलावी लागते. भारताच्याच जोडीत रोहन बोपण्णा उजव्या हाताने खेळणारा, दिविज शरण डावखुरा. या दोघांनी 2018 मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि जानेवारी 2019 मध्ये बालेवाडीत विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात त्यांनी ब्रिटनच्या ल्यूक बॅम्ब्रिज आणि जॉनी ओमारा यांना 6-3, 6-4 असं हरवलं.

आता गुणांचा हिशेब. ग्रँड स्लॅम सोडून एटीपीच्या (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या) स्पर्धांत दुहेरीचे दोन नियम वेगळे आहेत. पहिला म्हणजे 40-40 झालं की अॅडव्हांटेज नाही. पुढचा एकच गुण गेम ठरवतो आणि तो डाव्या बाजूला खेळायचा की उजव्या, हे रिटर्न करणारी जोडी निवडते. दुसरा, सेट 1-1 झाले की तिसरा सेट होत नाही. त्याऐवजी 10 गुणांचा टायब्रेकर होतो, तोही दोन गुणांच्या फरकाने जिंकावा लागतो. तुम्हाला दिसलेला 10-6 हा आकडा त्यातलाच. हे बदल सामने आटोपशीर व्हावेत म्हणून आले. परिणाम असा झाला की चुकीला माफीच उरली नाही. एकेरीत वाईट अर्धा तास भरून काढता येतो. इथे दोन निर्णायक गुण गेले की सेट गेलाच म्हणून समजा.

2019 च्याच स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत बोपण्णा-शरण यांच्यासमोर लिअँडर पेस आणि मेक्सिकोचा मिगेल रेयेस-वरेला होते. पेस तेव्हा 45 वर्षांचा. पहिला सेट पेसच्या जोडीने टायब्रेकरमध्ये घेतला, दुसरा 6-4 असा बोपण्णा-शरण यांनी, आणि शेवटचा टायब्रेकर 10 वर थांबलाच नाही, 17-15 पर्यंत ताणला गेला आणि बोपण्णा-शरण जिंकले. ओरडायचं कुणाच्या बाजूने, हेच मला कळेना. पेसचे पाय मंदावले होते, पण नेटजवळ त्याचे हात तसेच होते. जोरात आलेला चेंडू तो नुसता रॅकेट धरून मेल्यासारखा पलीकडे ठेवायचा. तो सामना दुसऱ्या बाजूला गेला असता तर 2019 चं विजेतेपद भारतीय जोडीला मिळालंच नसतं, असं मला आजही वाटतं.

पुण्यातले दुहेरीचे अंतिम सामने एकामागोमाग बघितले तर हा हिशेब किती बारीक असतो ते कळतं. 2018 मध्ये नेदरलँड्सचे रॉबिन हासे आणि मात्वे मिडलकूप जिंकले, ते दोन्ही सेट टायब्रेकरमध्ये आणि दोन्ही वेळा 7-5 असे. हरलेल्या जोडीत जिल सिमॉन होता, ज्याने त्याच स्पर्धेत केविन अँडरसनला हरवून एकेरीचं विजेतेपद मिळवलं होतं. 2020 मध्ये स्वीडनचा आंद्रे योरान्सन आणि इंडोनेशियाचा ख्रिस्तोफर रुंगकाट शेवटचा टायब्रेकर 10-8 असा जिंकले. 2022 मध्ये बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी पहिला सेट 10-12 अशा टायब्रेकरमध्ये गमावला, दुसरा 6-3 घेतला आणि ल्यूक सॅव्हिल-जॉन पॅट्रिक स्मिथ यांना 10-6 असं मागे टाकलं. 2023 चा अंतिम सामना मात्र सरळ झाला. बेल्जियमचे सँडर जिले आणि योरान व्लीगन यांनी श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुंचेळियन यांना 6-4, 6-4 असं हरवलं.

या यादीत एक गोष्ट लक्षात घ्या. एकेरीतले पहिल्या दहातले खेळाडू दुहेरीत क्वचित दिसतात, कारण पाच-सहा दिवसांत दोन्हीकडे खेळायला अंगात तेवढी रग लागते आणि दुहेरीत पैसा बराच कमी असतो. बक्षीस जोडीला मिळतं, ते दोघांत वाटायचं. पण म्हणून दुहेरी हा उरलेल्यांचा खेळ आहे, असं कुणी म्हटलं की मला मनापासून राग येतो. एटीपी 250 दर्जाच्या (पुण्याची होती तशा) स्पर्धेत दुहेरीला फक्त 16 जोड्या असतात. प्रवेश दोघांच्या क्रमवारीची बेरीज करून ठरतो, आणि चार सामने जिंकले की विजेतेपद. पहिल्याच फेरीत अग्रमानांकितांशी गाठ पडू शकते, सावरायला सोपा सामना मिळेलच असं नाही. बोपण्णा वयाच्या 43 व्या वर्षी, जानेवारी 2024 मध्ये, मॅथ्यू एब्डनच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला आणि दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर गेला. त्या वयात तो एकेरी खेळूच शकला नसता हे खरं. पण रिटर्न कुठे येणार हे आधी ओळखणं त्याला वीस वर्षांच्या खेळाने शिकवलं होतं, आणि त्याची किंमत दुहेरीतच मिळते.

आपल्याकडच्या टेनिसचं नातं तर दुहेरीशीच जास्त घट्ट आहे. 1994 च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत पेसबरोबर पुरुष दुहेरीचं सुवर्ण जिंकणारा गौरव नाटेकर मराठी. 1992 मध्ये विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत महेश भूपतीबरोबर अंतिम फेरी गाठणारा नितीन कीर्तनेही मराठी. आणि पुण्याचा अर्जुन कढे ऑक्टोबर 2024 मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीच्या साथीने अल्माटीत एटीपी विजेता झाला, तोही शेवटचा टायब्रेकर 14-12 असा जिंकून. ती बातमी आपल्याकडे जेवढी गाजायला हवी होती तेवढी गाजली नाही.

बघायचं कुठे? बालेवाडीची एटीपी 250 स्पर्धा 2023 नंतर पुण्यात राहिली नाही, पण त्याच संकुलात फेब्रुवारीत चॅलेंजर, म्हणजे एका पायरीने खालच्या दर्जाची, स्पर्धा होऊ लागली आहे. तिथे जाता आलं तर दुहेरीसाठी मुख्य कोर्टाचा हट्ट धरू नका, बाजूच्या कोर्टावर बेसलाइनच्या (कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या) मागची जागा पकडा. बाजूने बघितलं की फक्त चेंडूची ये-जा दिसते. मागून बघितलं की चौघांची मांडणी दिसते, आणि जवळ असाल तर "माझा", "सोड", "मागे" अशा अर्थाच्या हाका वेगवेगळ्या भाषांत ऐकू येतात. घरी बघणार असाल तर पहिले दोन गेम फक्त नेटजवळच्या माणसाकडे बघा, तिसऱ्यापासून रिटर्न करणाऱ्याच्या जोडीदाराकडे. तो कधी बेसलाइनवर मागे सरकतो आणि कधी पुढे येतो, यावरून त्या जोडीला समोरच्या सर्व्हिसची किती धास्ती आहे ते समजतं. आणि एकेरीच्या अंतिम सामन्याच्या दिवसावर विसंबू नका. चॅलेंजरला दुहेरीचा अंतिम सामना बहुतेक वेळा आदल्या दिवशी, शनिवारीच उरकतो.