बडोद्यातल्या जुन्या वाड्यात चुन्याच्या भिंतींवर जिप्सम बोर्ड लावायचा आहे, आधी काय तयारी करू?

सगळ्यात आधी ओल तपासा. दोन फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी भिंतीला घट्ट चिकटवून 48 तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल आतूनच येतेय. तिचं मूळ दुरुस्त होईपर्यंत बोर्ड लावूच नका, मागे बुरशी धरेल.

मग हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. बद्द आवाज येईल तिथला गिलावा विटेपर्यंत काढून चुन्यानेच भरा. सिमेंट ओल अडवतं आणि शेजारचा चुना सुटतो. लोणा (भिंतीवर फुटलेलं पांढरं मीठ) कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका; मीठ विरघळून पुन्हा आत जातं.

बोर्ड ज्यावर बसतो त्या फ्रेमच्या उभ्या पट्ट्या ओळंब्यात (अगदी सरळ उभ्या), दर 600 मिमीवर लावा. बोर्ड फरशीपासून 10 मिमी वर ठेवा, नाहीतर लादी पुसतानाचं पाणी बोर्डावरचा कागद शोषतो.